नवतपा संपल्यावर

तुमच्या घरातला कूलर नेमका कधी निकामी होतो, हे तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का? मी बिघडण्याबद्दल बोलत नाही. पंखा फिरतोय, पंप चालू आहे, गवतावरून पाणी गळतंय, आणि तरीही अंगावर येणारी हवा गार नाही, नुसती ओली आहे. उशीचा अभ्रा गालाला चिकटतो, वहीचं पान बोटाबरोबर वर येतं. आमच्या नागपुरात त्याला एकच शब्द आहे, चिपचिप. "कूलर चिपचिप करून राहिला" म्हणायचं, बटण बंद करायचं आणि पावसाची वाट पाहत बसायचं. मीही आयुष्यभर हेच केलं. त्या बटणापाशी एक मोठा प्रश्न आहे हे कळायला मला हवामानाच्या मॉडेलांपर्यंत जाऊन परत यावं लागलं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते, पण वस्तीत त्यांची ओळख पत्रकवाले अशीच. नळाला पाणी आलं नाही, पत्रक. शाळेत काही मुलांना वेगळं बसवलं, पत्रक. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर निघताना आमच्या घरी जेवणाच्या डब्यांआधी पत्रकांचे गठ्ठे बांधले जायचे. उरलेली पत्रकं घरात जिरायची: फळीवर अंथरायला, वह्यांना कव्हर घालायला, कोऱ्या बाजूवर गणितं करायला. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की उद्गारचिन्ह हे बाराखडीतलंच एक अक्षर आहे.

बाबांचा एक नियम होता. "पत्रकात 'कदाचित' चालत नाई," ते म्हणायचे. "'आम्हाले कदाचित पाणी पाह्यजे' असं कोणी लिहिते का? लिहायचं तं ठासून लिहायचं."

हा नियम डोक्यात घेऊनच मी नोकरीला लागले. भूगोलात एम.ए. केलं होतं, नकाशांचं सॉफ्टवेअर येत होतं, म्हणून एका कार्यालयात कंत्राटावर जागा मिळाली. येणाऱ्या दशकांसाठी हवामानाची मॉडेलं जे आकडे काढतात, त्यांतून आपल्या भागाचा तुकडा कापायचा, तपासायचा आणि जिल्ह्यातल्या लोकांना वापरता येईल असा करून द्यायचा, हे माझं काम. मला वाटलं, हे तर सरळ भविष्यच हातात दिलं. फाईल उघडली की दिसेल.

फाईल उघडली तर चौकटी दिसल्या. जगाचं मॉडेल पृथ्वी चौकटींत कापतं आणि त्या चौकटी एवढ्या मोठ्या, की नागपूर, रामटेक आणि उमरेड एकाच चौकटीत. रामटेकच्या धानाच्या बांध्या, उमरेडच्या कोळशाच्या खाणी आणि आमची वस्ती, सगळ्यांना मिळून एकच दुपार! मला रागच आला. आमचं ऊन आम्हाला वेगळं द्या, असं पत्रक काढावंसं वाटलं. मग समजलं की प्रादेशिक मॉडेल त्यासाठीच असतं. मोठ्या मॉडेलकडून ते फक्त कडेची हवा घेतं, म्हणजे समुद्राकडून काय येतंय, उत्तरेकडून काय येतंय एवढंच, आणि आतला सगळा हिशेब लहान लहान चौकटींत स्वतः करतं. तिथे रामटेकला रामटेकची चौकट होती आणि आम्हाला आमची. त्या दिवशी मी डबा उघडायचाच विसरले. शहराबाहेर मिहानकडची मोकळी जमीन आधी तापते की रामटेकचा डोंगर, रात्री आधी कोण निवतं, शहराची चौकट पहाटेपर्यंत का निवत नाही, हे पाहण्यात दुपार कधी गेली कळलं नाही.

मॉडेल भविष्याच्या आधी भूतकाळही काढून दाखवतं. मी त्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माचा दिवस शोधला. मे महिना, लाईट गेलेली, आई घामानं निथळतेय आणि बाबा पत्रकांच्या गठ्ठ्यानं वारा घालतायत, ही आमच्या घरात वर्षातून दोनदा तरी सांगितली जाणारी गोष्ट. मॉडेलमध्ये त्या तारखेला ढग होते आणि पाऊस पडत होता.

संध्याकाळी घरी सांगितलं तर धाकटी खूश झाली. "म्हंजे मॉडेलमध्ये मी पावसात झाली? मंग तिथली मी शांत स्वभावाची असंन, ताई."

बाबा म्हणाले, "खोटं आहे ते. बंद कर."

मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या माझ्या वरिष्ठ मॅडमना मी तावातावानं सांगितलं, की तुमचं मॉडेल धादांत खोटं बोलतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तू त्याच्याकडे डायरी म्हणून बघतेयस," त्या म्हणाल्या. "त्याला तुझ्या बहिणीचा वाढदिवस कुठून माहीत असणार? त्याचा भूतकाळ म्हणजे असंही घडू शकलं असतं, असा भूतकाळ. तारखा नको जुळवूस. वीस-तीस वर्षांचे सगळे मे एकत्र कर आणि खऱ्या नोंदींशेजारी ठेव. तापायची सवय जुळते का, ते बघ."

सवय! हा शब्द मी घरी घेऊन आले. एखाद्या दुपारी काय झालं ते हवा, आणि वर्षानुवर्षं दुपारी कशा वागतात ते हवामान. आमच्या मॉडेलची सवय पाहिली तर ते नागपूरच्या मेला जरा थंडच समजत होतं. माणसाचा स्वभाव कळला की त्याच्या बोलण्यातून किती वजा करायचं ते कळतं, तसंच इथेही करतात. आधी मागच्या वर्षांत त्याची चूक मोजायची आणि तेवढी दुरुस्ती पुढच्या वर्षांना लावायची.

याच सुमारास विहारासमोर टिना, म्हणजे छताचे पत्रे, येऊन पडल्या.

आमच्या वस्तीचं विहार साधं आहे. खाली वंदनेचा हॉल, त्याच्या भिंती जाड, वर स्लॅब आणि त्यावर मोकळी गच्ची. गच्चीवर हिरवी जाळी बांधून वस्तीतले पोट्टे-पोट्ट्या अभ्यासाला बसत. आमची धाकटीही त्यांतच. आमच्या घराची एक भिंत पिठाच्या चक्कीला लागून आहे, दिवसभर भांडी थरथरतात, पाठांतर काय होणार? ती सरकारी नोकरीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती आणि पेपर जूनच्या मध्यावर होता. "औंदा नाई झालं तं पोरगं पाहू," असं मावशी आता उघड बोलायला लागली होती. धाकटीला पेपरआधीच्या दुपारी शांतपणे बसायला एक जागा हवी होती. तिचं मागणं एवढंच होतं. आणि विहार समितीनं ठरवलं होतं, की गच्चीवर चारी बाजूंनी बंद अशी टिनाची अभ्यासिका बांधायची आणि आत दोन मोठे कूलर लावायचे.

टिनाखालची दुपार काय असते, हे त्या वस्तीत जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तरी ठरत होतं. मग मी ठरवलं, पत्रक काढायचं.

वस्तीला पटेल असं माप हवं होतं. आमच्याकडे उन्हाचं माप एकच, नवतपा. पंचवीस मेपासून दोन जूनपर्यंतचे ते नऊ दिवस. ते कडक तापले तर पाऊस चांगला, असं जुनी माणसं सांगतात. मी एका मॉडेलला वर्षावर्षाचा नवतपा वेगळा काढायला लावला. प्रत्येक वर्षी दिवस आले आठ.

माझाच कोड चुकला असेल म्हणून मी तो वरून खाली आणि खालून वर वाचला. पुन्हा आठ. शेवटी मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अगं, या मॉडेलच्या वर्षात प्रत्येक महिना तीस दिवसांचा आहे. हिशेब सोपा जावा म्हणून. त्याच्याकडे एकतीस मे नाहीच. तीस फेब्रुवारी मात्र आहे!"

माझ्याआधी कुणी त्या मॉडेलमध्ये नवतपा मोजायला गेलं असेल असं मला वाटत नाही. ही चूक नागपूरचीच पोरगी करू जाणे. घरी सांगितलं तर बाबा गंभीर झाले.

"मे महिन्याचा एक दिवस खाल्ला?"

"बाबा, गणिताची सोय आहे ती."

"मालकाची सोयच असते नेहमी. कामगाराले विचारलं होतं का?"

तर अशा त्या आठ दिवसांच्या नवतपावर मी पहिलं पत्रक लिहिलं. पुढचं जग किती कोळसा आणि पेट्रोल जाळेल याच्या वेगवेगळ्या वाटा धरून मॉडेलं चालवलेली असतात. मी सगळ्यात वाईट वाट घेतली. त्या वाटेवरचं सगळ्यात तापणारं मॉडेल घेतलं, आणि त्या मॉडेलचा सगळ्यात तापलेला एक दिवस. तो आकडा पानभर मोठा छापला. वर मथळा, 'नागपूर भाजणार!' आकडा मी इथे देत नाही, आणि का देत नाही ते पुढे कळेलच.

मॅडमनी पत्रक पाहिलं. "आकडा खोटा नाहीये," त्या म्हणाल्या. "पण एकटा आहे. त्याचे बाकीचे भाऊबंद कुठे गेले?"

मला वाटलं, या काय जाणणार पत्रकातलं.

पत्रक वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गर्दी दिसली. मी अभिमानानं जवळ गेले.

"पाह्य गा, सगळे रेकॉर्ड तुटून राहिले आपले," एक जण म्हणत होता.

"चंद्रपूरले मागे टाकतो का पण?"

"टाकते ना! लिहिलं आहे ना इथं. मोठ्या अक्षरात आहे."

"मंग चंद्रपूरच्या साळ्याले पाठवतो हे."

त्यानं तिथल्या तिथे फोटो काढून पाठवलाही. मी लोकांना घाबरवायला गेले होते आणि त्यांना फुशारकी मारायला कागद पुरवून आले. नागपूरच्या माणसाला उन्हाचा आकडा सांगून भीती दाखवायची म्हणजे पैलवानाला त्याचं वजन सांगून लाजवायचं. मी इथेच वाढले, मला हे कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी धाकटी पत्रक हातात घेऊन माझ्यासमोर बसली. चक्की चालूच होती, त्यामुळे तिला जरा ओरडूनच बोलावं लागलं.

"ताई, हे नवतपाचं काहून लिहिलं?"

"सगळ्यांना समजतो म्हणून."

"अवं, पण नवतपात तं कूलर मस्त फेकते! बाहेर आग, आत कश्मीर. माह्यावाला पेपर नवतपात आहे का? मले जूनचं सांग. ते चिपचिप सुरू होते ना, नवतपा संपल्यावर, तवा मी त्या डब्यात बसू शकंन का नाई?"

पहिल्यांदाच मला असं वाटलं की आपण मॉडेलला अजून काही विचारलेलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तापमान बाजूला ठेवलं आणि हवेतल्या ओलीच्या फाईली उघडल्या. कूलरचं गुपित त्यांत होतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा लागू दिला की पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. कूलर किती गार करू शकतो त्याची हद्द तीच. हवा कोरडी असेल तर ती हद्द खूप खाली असते, म्हणून नवतपात आत कश्मीर. हवेत ओल आली की हद्द वर चढते, आणि मग कूलर लहान असो की मोठा, एक असो की दोन, तो त्याखाली जाऊच शकत नाही. आपल्या अंगाचा घामही याच नियमानं चालतो. तोही वाळत नाही. म्हणजे ज्या दुपारी कूलर हरतो, त्याच दुपारी शरीरही हरायला लागतं.

आता मी ओल्या फडक्याची ती हद्द प्रत्येक मॉडेलमध्ये काढत होते, मेच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत. हे काम मला इतकं आवडलं की घरी येतानाही डोक्यात तेच. तापमान चढणार, यावर सगळ्या मॉडेलांचं एकमत होतं. रात्री गरम होणार, यावरही. ओल्या उकाड्याचे दिवस वाढणार, असं बहुतेक सगळी म्हणत होती. पण किती, आणि जूनमध्ये कधीपासून, इथे त्यांचं भांडण सुरू व्हायचं. एक मॉडेल पाऊस लवकर आणायचं, एक रखडवायचं, आणि त्या रखडण्यावरच तर सगळं होतं. मी मॅडमना विचारलं, यातलं खरं कोणतं?

"सगळी खोटी, पण वेगवेगळ्या जागी खोटी," त्या म्हणाल्या. "म्हणून ज्या जागी सगळी सारखंच बोलतात ते धरायचं. जिथे भांडतात तिथे भांडतात असं लिहायचं."

मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं. मथळा बराच वेळ सुचेना. शेवटी जे सुचलं ते हे:

'नवतपात कूलर चालेल. नवतपा संपल्यावर कदाचित चालणार नाही. अशा दुपारी पुढे वाढतील असं बहुतेक मॉडेलं सांगतात. किती वाढतील यावर त्यांचं भांडण आहे. ते भांडण मिटेपर्यंत आपली पोरं बंद टिनाखाली बसवायची का?'

बाबांनी चष्मा लावून वाचलं. 'कदाचित'वर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"बाबा, तो शब्द काढला तर मी खोटं बोलीन."

"आणि ठेवला तं समितीवाले म्हणतीन, पोरीलेच माहीत नाई."

"मला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलंय. दोन्ही बाजूंनी 'कदाचित' आहे ना. कूलर चालेलच असं त्यांनी तरी कुठून ठरवलं?"

बाबांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. आवडलं नव्हतं ते त्यांना. छापायला मात्र तेच घेऊन गेले.

समितीची बैठक विहारात, खालच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्ष म्हणजे आमचे शेजारचे काका, निवृत्त मास्तर. वस्तीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच शिकवलंय, मलाही. त्यांनी पत्रक वर धरलं.

"बाई, तू 'कदाचित' लिहिलं आहे. तुह्यं यंत्रच सांगत नाई नक्की, मंग आम्ही कशाले थांबायचं? दोन कूलर कमी पडले तं तिसरा लावू."

मी ओल्या फडक्याची हद्द समजावली. काही जणांनी मान हलवली, काही जण मोबाईल पाहत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "एसीच लावा मंग," आणि त्यावर हशा झाला. मला चीड आली. मी मोठ्यानं म्हणाले, की ज्या समाजाला शिकू दिलं नाही त्या समाजानं स्वतःच्या हातानं अभ्यासाची खोली भट्टीसारखी बांधावी, याची लाज वाटली पाहिजे. हातांतले मोबाईल खाली गेले. मी जरा जास्तच बोलले होते बहुतेक, पण मागे घेतलं नाही, आजही घेत नाही.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "काका, हा हॉल दुपारी काहून बंद राहते?"

"इथं वंदना होते, बेटा."

"वंदना सकाळी होते आणि संध्याकाळी होते. दुपारी इथं कबुतरं राह्यतात. त्याहीचा काही पेपर आहे का जूनमध्ये?"

आता हशा तिच्या बाजूनं होता. ती उठून भिंतीपाशी गेली आणि तळहात लावला. "पाहा ना, बाहेर केवढं तापून राहिलं आणि भिंत थंडी आहे. वर टिना टाका का काही टाका, मले फक्त दुपारी इथं बसू द्या. आम्ही झाडून घेऊ. आवाज नाई करत."

काका पत्रकाकडे पाहत राहिले. मग बाबांकडे वळले. "तू तं ठासून लिहिणारा माणूस. तुह्या घरातून 'कदाचित' कसं निंगालं गा?"

बाबा म्हणाले, "माह्या घरात हा शब्द आजवर छापला नोता. छापला तं काही कारण असंन."

यापेक्षा जास्त त्यांनी माझी बाजू कधीच घेतली नाही आणि मला जास्तीची गरजही वाटली नाही.

टिनांचं काय ते त्या दिवशी ठरलं नाही. वरच्या खोलीला समोरासमोर खिडक्या ठेवू, टिनाखाली बांबूच्या तट्ट्या लावता येतात का पाहू, असं काहीतरी अर्धवट बोलणं झालं. टिना अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि पोट्ट्यांनी एकीवर कोळशानं स्टंप काढले आहेत. हॉलची चावी मात्र काकांनी धाकटीच्या हातात दिली. नवतपा संपला, चिपचिप सुरू झाली, आणि ती रोज जेवण करून चावी घेऊन जायला लागली. मग तिच्या मागे आणखी पोरी आल्या. एकदा मी पाहायला गेले. तिथे गार वगैरे नव्हतं. पाठीवर घाम होताच. पण पंखे चालू होते, समोरासमोरची दारं उघडी होती, आणि तिच्या वहीचं पान बोटाला चिकटत नव्हतं. तिनं मला पाहून तोंडावर बोट ठेवलं. आवाज नाही करायचा, तसं कबूल केलं होतं ना.

पेपर झाला. निकाल यायचा आहे. पास होशील का, असं मी विचारलं तर म्हणाली, "कदाचित," आणि बाबांकडे पाहून हसली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या वस्तीत, गावात, गल्लीत कुठेतरी नवं छत पडणार असेल. अंगणवाडीचं, वाचनालयाचं, समाजमंदिराचं, दवाखान्याच्या रांगेवरचं. त्याच्या बैठकीला जा. आकडा विचारू नका, नागपुरात तर मुळीच नको. एवढंच विचारा, की नवतपा संपल्यावरच्या दुपारी, कूलर चिपचिप करत असताना, इथे कोण बसणार आहे आणि त्याला बसवेल का? उत्तर 'कदाचित' आलं तर 'बसवेल' समजून घरी परतू नका. ठाण मांडून बसा, आणि तोवर जाड भिंतींची एखादी खोली दुपारी कुलपात पडली असेल तर तिची चावी मागून घ्या.